गाडीत पाणी आलं कुठून?

उजवा मोजा ओला. डावा कोरडा ठणठणीत आणि उजवा ओला! आता तुम्ही म्हणाल, एप्रिल महिन्यात, सोलापुरात, मोजे घालून हिंडणारी ही कोण? तर ती मी. विंचवाच्या भीतीनं घालते. आजवर चावलाय का? नाही. पाहिलाय का? एकदा, कॉलेजच्या लॅबमध्ये, बरणीत, तोही मेलेला, आणि तेव्हासुद्धा मी बाकावर चढले होते. तर ते असो, मुद्दा मोज्याचा. सात एप्रिल, सकाळचे सात, मी माझ्या गाडीचं कुलूप काढलं, दार उघडलं, आत पाय टाकला आणि… पच्च! तुम्हाला सांगते, मी अशी किंचाळले की शेजारच्या निंगव्वाच्या पत्र्यावरची चारही कबुतरं उडाली, त्यातलं एक अजून परत आलेलं नाही.

आता ओलं होणं ही काय किंचाळायची गोष्ट आहे का? दुसऱ्या गावात नसेल हो. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. पाणी म्हणजे आमच्याकडचा पाहुणा. पहाटे येतो, तासभर टेकतो, चहा न घेता जातो, की पुन्हा पाच दिवस आम्ही त्याच्या आठवणीवर भांडी घासतो. अशा गावात, आभाळात ढगाचा तुकडा नाही, पारा त्रेचाळीसवर, दवाचा प्रश्नच नाही, बंद गाडी, कुलूप लावलेलं, किल्ली माझ्या गळ्यात… आणि आत पाणी? पाणी आलं कुठून?

थांबा, आधी गाडी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कार. कार नव्हे! इंजिन नाही, स्टेअरिंग नाही, दुसऱ्या गाडीच्या मागे लावून ओढायची, दोन चाकांवरची खोली. फायबरची. पांढरी, गुळगुळीत, अंड्यासारखी गोल. आत झोपायला एक फळी, बसायला दोन बाजूंना दोन कट्टे, एक मोरीएवढं बेसिन, दोन खिडक्या. एमआयडीसीत गुरप्पा मेस्त्री आहेत, ते फायबरच्या वॉचमन केबिनी करतात, बागेतल्या घसरगुंड्या करतात, देवळापुढचे नंदी करतात. आठ वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी हौसेनं त्यांच्याकडून ही गाडी करून घेतली, एकदा तुळजापूरपर्यंत नेली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला लॉज पाहिजे," आणि गाडी परत येऊन नंदींच्या रांगेत उभी राहिली ती मी जाईपर्यंत.

मला कशाला पाहिजे होती? कारण मला नोकरी लागली! होय, मला. कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या मला. वैरागच्या रस्त्याला नान्नजच्या पुढं माळ आहे, तिथं पक्षी मोजायचे, सहा महिने. उजाडायच्या आत माळावर हजर, वही, दुर्बीण, चंडोल किती, धाविक किती, अंडी किती, पिल्लं किती. मला विचाराल तर या जगात माणसं सोडून बाकी कशाचीच मला भीती वाटत नाही… म्हणजे विंचू सोडून. आणि कुकर सोडून. आणि पाल. पण पक्ष्यांची नाही! चंडोल उडता उडता गायला लागला की मी तासभर मान वर करून उभी राहते, तेव्हा माझ्या पायावरून विंचू गेला तरी कळणार नाही. आणि तरी मी मोजे घालते. पण राहण्याची सोय ज्याची त्यानं. प्रकल्पाच्या मॅडमनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "मेच्या एक तारखेला तुम्ही माळावर दिसल्या नाहीत, तर दोन तारखेला यादीतलं पुढचं नाव." तिथं भाड्यानं एक खोली बघून आले, दाराला कडी होती, पण बाहेरून. आतून सुतळी. तुम्ही झोपाल? मी तर तिथं बसलेसुद्धा नाही. मग माळाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या अंगणात गाडी उभी करायची, तीत राहायचं, आतून कडी लावायची, असं ठरवलं, आणि दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेलं होतं नव्हतं ते घालून ते पांढरं अंडं घरी आणलं.

घरी काय झालं असेल? अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेचे युनिफॉर्म शिवतात, गळ्यात टेप असल्याशिवाय बोलत नाहीत. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "कापड चांगलं आहे." अव्वा, म्हणजे आई… आमच्या घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी, पण रागावताना दोन्ही पूर्ण… अव्वा म्हणाली, "माळावर? एकटी? या डब्यात? पहाटे पाचला उठणार म्हणे! हितं सातला हलवून उठवावं लागतंय. नाही म्हणजे नाही. इल्ला अंद्र इल्ला." झालं. मग अप्पांनी मध्यस्थी केली, "गाडी पक्की असली, कडी लागली, थेंबभर पाणी आत आलं नाही, तर जाऊ दे तिला." अव्वानं मान हलवली, पण ती मान म्हणजे होय होती की डास होता, ते कळलं नाही.

आणि सात तारखेला पच्च! म्हणजे बघा, पक्षी, पगार, माळ, कडी, सगळं त्या एका ओल्या मोज्यावर येऊन थांबलं. अव्वा दारात उभी, हाताची घडी. "गळती का?" म्हणाली. "गळकी आहे ना? गळक्या गाडीत मी पोरगी पाठवणार नाही." मी म्हटलं, "अव्वा, पाऊस कुठं आहे गळायला?" तर म्हणते, "ते मला काय माहीत. तू शिकलीस ना? तूच शोध, पाणी आलं कुठून."

मग मी काय केलं असेल? मेस्त्रींना फोन. कारण गाडी देताना मेस्त्री स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते, "काय बी वाटलं तर फोन करा की, ताई. कवा बी." आता हे वाक्य माझ्यासारखीला म्हणू नये हो! मला सतत काहीतरी वाटतंच! पहिल्या आठवड्यात मी अकरा फोन केले. "मेस्त्री, गाडी दुपारी टक् टक् आवाज करते." "फायबर हाय, ताई, उन्हानं फुगतं, सावलीला आकसतं." "मेस्त्री, आत वास येतो." "रेझिनचा हाय, जातो." "मेस्त्री, डावं चाक उजव्या चाकापेक्षा जास्त काळं दिसतंय." "धूळ हाय, ताई, पुसा." "मेस्त्री, आतून कडी लावली, पण समजा आग लागली तर बाहेर कसं यायचं?" "कडी काढायची, ताई." अकराव्या फोननंतर मेस्त्रींनी उचलणंच बंद केलं. रिंग जाते, जाते, जाते… आणि मग ती बाई सांगते की आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते. त्या बाईचा आवाज मला आता पाठ झालाय, स्वप्नात येतो. म्हणजे ज्या दिवशी खरंच काहीतरी वाटलं, त्या दिवशी मेस्त्री नाहीत!

बरं, नाही तर नाही. मला भीती वाटते हे खरं, पण भीतीपेक्षा एक गोष्ट माझ्यात जास्त आहे, ती म्हणजे… हे कसं झालं? असं मनात आलं की मला जेवण जात नाही. मी वही काढली. पक्ष्यांसाठी घेतलेली कोरी वही, तिच्या पहिल्या पानावर चंडोल यायचा, तिथं लिहिलं: सात एप्रिल, सकाळी सात, फरशीवर पाणी, अंदाजे दोन तांबे, उजव्या बाजूला जास्त. बाकीचं फटीतनं खाली गेलं असणार, कारण गाडीखालची माती ओली. चव? घेतली. होय, घेतली! शास्त्र आहे हे. चव साधी. म्हणजे पावसाचं नाही, गटाराचं नाही, कूलरचं नाही. बरं वाटलं आणि मग जास्तच भीती वाटली.

निंगव्वा आली बघायला. तिचं म्हणणं सरळ होतं. "आगं शिरू, गाडी रडतीय."

"काय?"

"रडतीय म्हन्ते. म्हशीचं बी तसंच असतंय. नव्या दावणीला आली की आठ दिस डोळ्यातनं पाणी काढती. हिला बी जुनी मालकीण आटवत आसंल."

"जुन्या मालकिणीला लॉज पाहिजे होता, मावशी."

"म्हून तर रडतीय!"

 मी हसले, आणि जाताना कुणी बघत नाहीसं बघून गाडीच्या पाठीवरून हात फिरवला. उगाच रुखरुख राहायला नको.

मग सुरू झाली दुरुस्ती. मेस्त्रींनी एक गोष्ट शिकवली होती, रुपयाच्या नाण्यानं फायबर वाजवून बघायचं. चांगलं असेल तिथं टक्, आतून सुटलं असेल तिथं डब. मी सगळी गाडी वाजवली. छप्पर, भिंती, तळ. दोन दिवस टक् टक् टक्, निंगव्वा पलीकडून ओरडते, "सुतार आलाय का गं?" खिडकीच्या वर केसासारखी एक भेग सापडली. सापडली! मला इतका आनंद की विचारू नका, कारण शत्रू दिसला. मग रेझिन, म्हणजे फायबरचा तो चिकट रस, आणलं, काचेच्या धाग्याची चटई आणली, हार्डनर आणला. हार्डनर म्हणजे ते थेंबभर घातलं की रेझिन घट्ट होतं. दुकानदार म्हणाला, "मोजून घाला, ताई." मी अव्वाची मुलगी, आमच्याकडे मोजून फक्त पाहुणे असतात, मीठ-तिखट अंदाजानं. रेझिन एका मगात ओतलं, वरून हार्डनर घातलं अंदाजानं. दोन मिनिटांत मग गरम, तिसऱ्या मिनिटाला मगातून धूर! मी मग टाकून जी पळाले ती थेट अप्पांच्या मशीनमागे. अप्पा बाही जोडत होते. म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "मग पेटला." ते म्हणाले, "आणि तू इथं, म्हणजे माणसं ठीक आहेत," आणि पुढची बाही घेतली. तो मग अजून अंगणात आहे, ब्रश त्यात उभाच्या उभा, दगड झालेला, निंगव्वा त्याला जाता येता हळूच नमस्कार करते.

पण शिकले हो. दुसऱ्यांदा मोजून घातलं, भेग बुजवली, घासली, वरून पॉलिश केलं, खिडक्यांच्या कडा नव्या रबरानं बंद केल्या, सिलिकॉनच्या तीन नळ्या रिकाम्या केल्या, अप्पांनी पडदे शिवून दिले. पडदे कशाचे? युनिफॉर्मच्या उरलेल्या निळ्या चौकड्याच्या कापडाचे. आत गेलं की वाटतं आपण सातवी ब मध्ये आलोय आणि गृहपाठ राहिलाय. पण छान! त्याच्या आधी, पाच तारखेला, मी अजून एक मोठी सुधारणा केली होती, तीही सांगते. ते मोरीएवढं बेसिन होतं ना, आठ वर्षांचं पिवळं पडलेलं, ते काढून टाकलं आणि तिथं वह्यांसाठी फळी बसवली. बेसिनच्या खालून एक नळी कट्ट्यात जात होती, ती जुनी, कडक, कशाची कुणाला ठाऊक, ती कापली आणि टोक आत ढकलून दिलं. नीटनेटकं. एखाद्या मासिकात असते तशी गाडी दिसायला लागली.

म्हणजे आता पाणी येणं शक्यच नव्हतं. बरोबर?

बारा तारीख. सकाळी सात. पच्च!

दोन्ही मोजे.

मला रडू आलं, पण मी आधी वहीत लिहिलं आणि मग रडले. मेस्त्रींना फोन… रिंग जाते, जाते, जाते. अव्वा दारात, हाताची घडी. "एनातवा? काय झालं? गळती ना?" आणि आत जाता जाता, "एवढ्या पाण्यात माझा एक हंडा भरला असता." सतरा तारीख, पच्च. बावीस तारीख, पच्च. मधल्या दिवशी? काही नाही! कोरडी, खडखडीत, ऊन खात पडलेली. मी गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं, फरशीवर रांगोळी पेरली, म्हणजे पाणी कुठून कुठं गेलं त्याची वाट दिसेल. बावीसला रांगोळीत स्वच्छ नदी उमटली होती, उजव्या कट्ट्याखालून निघून दारापर्यंत. आता उजवा कट्टा म्हणजे काय? चाकावरचा उंचवटा. एसटीत असतो बघा, त्या सीटवर बसलं की गुडघे कपाळाला लागतात, तोच. चाकाला कुठून आलं पाणी?

आणि तारखा बघितल्या तुम्ही? सात, बारा, सतरा, बावीस. मी वही अप्पांसमोर धरली. अप्पा टेपशी खेळत म्हणाले, "पाण्याचे दिवस." माझ्या अंगावर काटा. म्हणजे नळाला पाणी येतं त्या दिवशी गाडीत पाणी येतं! मग मी विचार केला, गाडीखालून जमिनीतनं नळाची लाइन जात असेल, ती फुटली असेल, दाबानं पाणी वर उडत असेल. आम्ही दोघांनी ढकलून गाडी तीन फूट पुढं नेली. जमीन उकरली. काय निघालं? अव्वाचा दोन वर्षांपूर्वी हरवलेला उलथना. लाइन नाही. चाकांवर उभी, जमिनीला न चिकटलेली, नळाशी काडीचा संबंध नसलेली गाडी, आणि तिला बरोबर कळतं आज नळ आला! कसं? तिला सांगतं कोण? निंगव्वा म्हणाली, "नेमाची हाय बग रडायला." तुम्ही हसा. मी नाही हसले. पाणी आलं कुठून?

सव्वीस तारखेला संध्याकाळी अप्पा गाडीत आले, टेप काढला. डावा कट्टा मोजला. उजवा मोजला. पुन्हा मोजला. चष्मा वर केला. "शिरू, तुझ्या गाडीची एक बाही लांब झालीय."

"म्हणजे?"

"डावा दोन फूट. उजवा साडेतीन. चाकं तर दोन्हीकडं सारखी आहेत."

मी खिशातून रुपया काढला. डावा कट्टा: टक्. उजवा, मागे: टक्. उजवा, पुढे… डब. म्हणजे आत पोकळ आहे. आत जागा आहे! दीड फूट! अप्पा म्हणाले, "उघडू?" आणि मी, जिला गेले वीस दिवस याशिवाय दुसरा विचार नव्हता, मी म्हटलं, "नको नको नको." कारण निंगव्वाचं सगळं तेव्हाच आठवायचं होतं. दीड फुटात काय काय मावतं याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार झाली, ती तुम्हाला सांगत नाही. मी म्हटलं, "अप्पा, उद्या सत्तावीस. पाण्याचा दिवस. मी आत बसून बघते. जे यायचं ते माझ्या डोळ्यांसमोर येऊ दे."

"एकटी?" अप्पा म्हणाले.

"पाच दिवसांनी माळावर एकटीच झोपायचंय ना," मी म्हटलं. बोलून गेले आणि मग मला कळलं मी काय बोलले ते.

पहाटे पावणेपाच. उठले. कुणी न हलवता उठले, हे लिहून ठेवा. दबक्या पावलांनी गाडीत गेले, आतून कडी लावली, डाव्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसले, मांडीवर वही, हातात बॅटरी, अप्पांचा टेप बरोबर घेतला होता, का ते माहीत नाही, धीर येतो. बाहेर अंधार विरळ व्हायला लागलेला. कुठंतरी नळ खाकरला. पाणी आलं! गल्लीत हंडे वाजायला लागले, निंगव्वा कुणालातरी शिव्या द्यायला लागली, म्हणजे सगळं सुरळीत चालू होतं. मी श्वास धरून बसले. पाच मिनिटं. दहा. काही नाही. मला वाटलं, आज नाही येणार, कुणीतरी बघतंय म्हटल्यावर लाजलं असेल.

आणि मग… भिंतीच्या बाहेरून खर्र. कुणीतरी काहीतरी फिरवतंय. आणि उजव्या कट्ट्याच्या पोटातून गळ… गळ… गळगळगळगळ! पोट बोलावं तसं! मी बॅटरी लावली. कट्ट्याखालून पाण्याची जीभ बाहेर आली, रांगोळीवरून सरळ माझ्याकडे! मी किंचाळले. कडी काढायची, ताई, कडी काढायची, हे मेस्त्रींचं वाक्य आठवलं म्हणून बाहेर तरी आले, आणि दाराच्या बाहेर… अव्वा!

अव्वाही किंचाळली. "अय्यो शिवने!" तिच्या हातात नळाचा हिरवा पाइप, तो सुटला, सापासारखा उसळला, माझं तोंड, तिचं लुगडं, निंगव्वाची भिंत, सगळीकडे पाचव्या दिवसाचं पाणी! आधी तिनं पाइप पकडला, वाया जाईल म्हणून, आणि मग मला विचारलं, "मेलीस का जगलीस?" तुम्ही प्राधान्यक्रम बघा.

गाडीच्या उजव्या अंगाला, बाहेरून, तळहाताएवढं एक गोल झाकण आहे. मी ते पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. मला वाटलं विजेचं असेल, हात लावला तर शॉक बसेल, म्हणून मी वीस दिवस त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते झाकण उघडं होतं आणि अव्वाच्या पाइपचं तोंड मघापर्यंत त्याच्या आत होतं.

"अव्वा, हे काय करतेस?"

"पाणी भरते."

"गाडीत?"

"गाडीत कशाला भरीन? टाकीत भरते. हे काय, झाकणावर थेंबाचं चित्र आहे. थेंब काढलाय म्हणजे पाणीच घालायचं असणार, तेल घालायचं असतं तर दिवा काढला असता."

"आणि मी वीस दिवस ओरडतेय, गाडीत पाणी येतं, पाणी येतं…"

"ते तुझं पाणी खाली यायचं. माझं टाकीत असायचं. मला काय माहीत ते एकच आहे?" आणि माझ्यावरच डोळे वटारून, "दर पाच दिवसांनी बघते तर टाकी रिकामी! मी म्हटलं, शिरू वापरते. चाळीस लिटर! मनात म्हटलं, ही पोरगी त्या डब्यात बसून एवढ्या पाण्याचं करते तरी काय, म्हशी धुते का?"

म्हणजे बघा हं. मला वाटत होतं गाडी गळते. तिला वाटत होतं मी पिते. वीस दिवस आम्ही एकाच पाण्याची काळजी करत होतो, भिंतीच्या दोन बाजूंनी!

मी तशीच ओलीचिंब, पायरीवर बसले. म्हटलं, "पण अव्वा, तू तर नाही म्हणत होतीस. गळकी गाडी, पाठवणार नाही म्हणत होतीस. मग भरत कशाला होतीस?"

ती पाइप गुंडाळायला लागली. आमच्याकडे पाण्याच्या दिवशी कुठलंच भांडं रिकामं ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत नसेल. हंडा, कळशी, बादली, कुकर, पातेली, एकदा तर अप्पांचा जेवणाचा डबा. मला वाटलं ती तेच सांगेल. ती म्हणाली, "नाही म्हणायचं ते मी म्हणते. जायचं ते तू जाणारच आहेस. पोरगी दारातनं बाहेर पडताना भरलेलं भांडं बरोबर नको? रिकामी कशी पाठवू?"

मी पाइपचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. डोळ्यात आलं ते पाइपचंच होतं असं आम्ही दोघी धरून चाललो.

तेवढ्यात अप्पा स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेच. उजव्या कट्ट्याची फळी काढली. आत भूत नाही, पाल नाही, दीड फुटात नीट बसवलेली फायबरची पाण्याची टाकी! मेस्त्रींच्या हातची, नंदीच्या पाठीसारखी गुळगुळीत. आणि तिच्या बुडातून निघालेली एक नळी… कापलेली. सरळ, नीटनेटकी, मासिकातल्यासारखी कापलेली. अप्पांनी ते टोक उचलून उजेडात धरलं, माझ्याकडे बघितलं, आणि युनिफॉर्म शिवणाऱ्या माणसाचा सगळा संयम एकवटून विचारलं, "ही कात्री कुणाची?"

तर आता तुम्हीच सांगा, पाणी आलं कुठून? माझ्या कात्रीतून!

बरं, गोष्ट इथं संपली असती. पण टाकीला तोंडं दोन. एक बुडाची कापलेली नळी, आणि वरून एक बारीक नळी, कुठंतरी भिंतीत जाणारी. आता बंद कुठली करायची? अप्पा म्हणाले, "दोन्ही शिवून टाकू." आणि बारीक नळी हवेसाठी असली तर? हवा कोंडून टाकी फुटली तर? माळावर, मी आत असताना, डब्ब करून फुटली तर? निंगव्वा भिंतीवरून म्हणाली, "कुटली बी एक बंद कर, रडली तर दुसरी." एक तारखेला चार दिवस, मॅडमच्या यादीत पुढचं नाव तयार, टाकीत उरलेलं पाणी मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून थोपवून धरलेलं, आणि हे ज्याला माहीत आहे असा जगात एकच माणूस. मी दुसऱ्या हातानं मेस्त्रींना फोन लावला. रिंग जाते, जाते, जाते… आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता… एकतिसावा! पुन्हा लावला. बत्तिसावा! माणसानं म्हणावं कशाला हो, काय बी वाटलं तर फोन करा? मला आज पहिल्यांदा योग्य ते वाटत होतं!

अव्वा वाकून माझा अंगठा बघत होती. म्हणाली, "माझ्या फोनवरनं लाव."

"तुझ्याकडे नंबर कुठला त्यांचा?"

ती लुगड्याला हात पुसायला लागली. फोन दिला. मी लावला. आणि तुम्हाला सांगते, एक रिंग. एक! अर्धीच म्हणा. लगेच उचलला, आणि मी हॅलो म्हणायच्या आत पलीकडून मेस्त्री, आवाजात साखर:

"हां, बोला अव्वा! आज पाण्याचा दिवस, भरली का टाकी? तुमी इचारलं ते बरं केलं, भरलेली ऱ्हाऊ दे, टाकीचं रबर वाळत न्हाय. आन् त्या ताईस्नी तेवढं सांगू नका हं… त्यास्नी सारखं कायतरी वाटतंय."